परक्या लेकराला मारलेली हाक

एका नगरात एक म्हातारा राजा होता. तो आपल्या गोष्टीत फार वेळ राहायचा नाही, तेव्हा त्याला आत्ताच नीट बघून घ्या. पाय घ्या रे पांघरुणात. हं.

तर त्या राजाने एक नगारा करवून घेतला. केवढा? आत शेळी बांधली तरी जागा उरेल एवढा. मग प्रश्न पडला, नगारा ठेवायचा कुठे? नगराला वेशी दोन. एक उगवतीची, एक मावळतीची. उगवतीची माणसं म्हणाली, आमच्या वेशीवर. मावळतीची म्हणाली, छे, आमच्या. राजा म्हणाला, "सकाळी सांगतो." आणि झोपला तो उठलाच नाही. फार म्हातारा झाला होता, बरं का. तुम्ही उठाल.

मग काय, भांडण. नगारा मधल्या माळावर तसाच पडून राहिला. त्याचं कातडं कुजलं, लाकडाला वाळवी लागली, सगळा मातीत गेला. भांडण मात्र मातीत गेलं नाही. उगवतीची माणसं पिवळं पागोटं बांधायला लागली, मावळतीची तांबडं. इकडची मुलगी तिकडे द्यायची बंद झाली. तिकडचा विस्तव इकडे यायचा बंद झाला.

आणि एक नवी रीत पडली. आपल्याकडे मूल झालं की गूळ वाटतात ना? तिथे पलीकडे काही वाईट झालं की गूळ वाटायचे. त्यांची भिंत पडली, वाटा गूळ. त्यांची गाय आटली, वाटा गूळ. खडा तोंडात टाकायचा आणि मोठ्याने हसायचं. पलीकडे ऐकू गेलं पाहिजे इतक्या मोठ्याने. जो हसणार नाही तो वाळीत. त्याला कुणी विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही.

त्या गुळाला कधी मुंगी लागली नाही म्हणतात.

उगवतीकडे हा गूळ वाटायला एक बाई होती. तिचं नाव भिवरा. तिला ना मूल, ना बाळ. नवरा होता, सुभाना. तो एकदा मध काढायला डोंगराकडच्या रानात गेला आणि परतच आला नाही. त्या रानात चकवा राहायचा. चकवा म्हणजे ठाऊक आहे ना? त्याला अंग नसतं, तोंड नसतं. तो दुसऱ्याची हाक चोरतो. तुम्ही इकडून हाक मारली, तर तो ती तिकडून ऐकवतो. मग चुकलेला माणूस त्या हाकेमागे जातो, जातो, आणि रानात गोल गोल फिरत राहतो.

सुभाना चुकला तेव्हा भिवराने वेशीवर उभं राहून घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. मावळतीकडून तिला काय ऐकू आलं? हसणं. तिकडे गूळ वाटत होते.

तेव्हापासून भिवरा एकटी. सकाळी उठायची, एकटीपुरती भाकरी टाकायची, दारात बसायची. येणारे जाणारे आपापल्या कामात. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. पण गुळाचा दिवस आला की सगळंच बदलायचं. ती परात घेऊन निघाली की दारं उघडायची.

"अगं भिवराक्का, ये की! बस. पाणी घेतेस?"

"आक्का, काय झालं गं तिकडे? सांग ना, सगळं सांग!"

मग ती ओट्यावर बसायची, सांगायची. बाया तिच्याभोवती गोळा व्हायच्या. कुणी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून हसायची. तेवढाच तिला माणसाचा हात लागायचा. मग भिवराला काय सवय लागली असेल? सकाळी उठली की ती मावळतीकडे कान लावायची. देवा, तिकडे आज काहीतरी होऊ दे. वाईट आहे ना? हो, वाईटच आहे. पण तिचं घर फार रिकामं होतं रे.

एकदा मावळतीच्या तेल्याचा बैल घाण्यापाशी बसला तो उठला नाही. वाटला गूळ. मग तिकडच्या एका लग्नात वावटळ आली, मांडव उडाला आणि सगळं वऱ्हाड धुळीने माखलं. वाटला गूळ. ह्या वेळी तर लोक दुसरा खडा मागून घेत होते.

आणि मग एके दिवशी, उन्हं कलायच्या वेळी, मावळतीच्या हौसाची लेक बकुळी करवंदं वेचता वेचता रानात शिरली. एवढीशी, तुमच्यातल्या धाकट्याएवढी. चकव्याच्या रानात, बरं का.

उगवतीचा म्हातारा पुढारी बाजीबा, तोच सगळ्यांना वाळीत टाकायचा, तो स्वतः भिवराच्या दारात आला.

"भिवरे, ऊठ! आज खरा तुझा दिवस. तुझा सुभाना आठव. तेव्हा ते कसे हसले होते? आज मूठ मूठ गूळ वाट!"

भिवराने गूळ फोडला. परात डोक्यावर घेतली. वेशीपाशी माणसं जमलीच होती. कुणी आधीच हसून बघत होतं. तेवढ्यात पार मावळतीच्या वेशीकडून हाक आली.

"बकूऽऽऽ! बकुळेऽऽऽ!"

आणि लगेच तीच हाक रानातून, भलतीकडूनच आली. चकव्याने चोरली. हौसाने परत हाक मारली, चकव्याने परत चोरली. भिवराने ती ऐकली आणि तिचे पाय थांबले. अशी फिरून येणारी हाक तिच्या ओळखीची होती.

आता एक गोष्ट नगरात सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक होती, आणि बोलत कुणीच नव्हतं. चकव्याला एका वेळी एकच हाक चोरता येते. दोन्ही वेशींवरून एकदम हाक मारली, तर एक त्याच्या हातात सापडते आणि दुसरी सुटते. पूर्वी कुणी चुकलं की दोन्ही वेशींवरून मिळूनच हाका मारायचे. भांडण झालं आणि ते थांबलं. सुभानाला मावळतीकडून एक हाक मिळाली असती, तर...

भिवराने परात खाली ठेवली.

"काय गं?" बाजीबा म्हणाला.

ती वेशीच्या दगडावर चढली. तोंडाशी हात धरले आणि हाक मारली, "बकुळेऽऽऽ!"

मग एकीने आपलं पोर कडेवर घेतलं आणि घरात गेली. दुसरी गेली. कड्या लागल्याचा आवाज आला. आणि एवढं करून हाक वायाच गेली, कारण हौसाची हाक आधी येऊन गेली होती. चकव्याने दोन्ही एकामागून एक उचलल्या.

"भिवरे, उतर खाली," बाजीबा म्हणाला. "म्हातारी झालीस, चूक झाली, असं म्हणू आपण. पण परत मारशील तर तू आमची नव्हेस."

भिवराने परत मारली. ह्या वेळी जरा आधीच मारली गेली. तीही वाया. वेशीवर आता कुणीच उरलं नाही. बाजीबा तेवढा लांब उभा.

मग रानातून दुसराच आवाज आला.

"भिवरे, इकडे ये गं. मी आहे."

सुभानाचा आवाज! चकव्याने इतकी वर्षं जपून ठेवला होता. भिवराचा जीव गोळा झाला. ओ द्यावी असं तिच्या ओठांवर आलं. किती दिवसांत तिला कुणी अशी हाक मारली नव्हती. ती दगडावरून एक पाय खाली टाकणार, तेवढ्यात तिला लांबून हौसाचं रडणं ऐकू आलं. मग रडणं थांबलं. हौसा श्वास घेत असणार. आता हाक येणार.

भिवराने डोळे मिटले आणि श्वास घेतला.

"बकुळेऽऽऽ!" दोघींची हाक एकदम निघाली.

चकव्याने एक पकडली. दुसरी सुटली, तीरासारखी रानात गेली. आणि थोड्या वेळाने, गालाला करवंदाचा चीक लागलेली बकुळी झाडीतून मधल्या माळावर आली. रडत नव्हती. म्हणाली, "आई, दोन आया हाक मारत होत्या."

हौसाने तिला छातीशी धरलं. माळाच्या ह्या टोकाला भिवरा उभी होती. बकुळीने तिला बघून हात हलवला. हौसाने तो हात हळूच खाली घेतला. मागे तिची माणसं बघत होती ना. तिलाही घर होतं.

त्या दिवशी भिवरा वाळीत पडली. विस्तव बंद, पाणी बंद, बोलणं बंद. तिने आपली घोंगडी उचलली, एक मडकं घेतलं आणि मधल्या माळावर झोपडी घातली. इकडचे बघेनात, तिकडचे बघेनात. लांबच्या झऱ्यावरून पाणी आणायची. गारगोटीने विस्तव पाडायची. कधी कधी ती स्वतःच मोठ्याने म्हणायची, "भिवरा." आपलं नाव आपल्याला ऐकू यावं म्हणून. मग स्वतःच म्हणायची, "ओ."

झोपलात का रे? नाही? बरं.

मग काय झालं, उगवतीच्या धान्याच्या कोठाराला आग लागली. मावळतीकडे गूळ वाटला. हौसाच्या हातावर खडा आला. तिने तोंडात टाकला, पण गिळवेना. भिंतीआड जाऊन थुंकली. कुणीतरी बघितलंच. संध्याकाळी हौसा बकुळीला आणि एक गाठोडं घेऊन झोपडीसमोर उभी राहिली.

"जागा आहे का?" तिने विचारलं.

"माळ केवढा आहे बघ की," भिवरा म्हणाली. आणि एवढं बोलून तिला इतकं रडू आलं की बकुळीनेच तिला पाणी दिलं.

मग एकेक जण यायला लागला. वाळीत टाकायची चटकच लागली होती ना सगळ्यांना. एक उशिरा हसला म्हणून टाकला. एक कमी हसला म्हणून. एकाला हसता हसता ठसका लागला, म्हणे मुद्दाम खोकला. मावळतीचा तेली आला. उगवतीच्या बाया आल्या, त्याच, गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या. मान खाली घालून आल्या. भिवरा सरकून बसली. मावळतीकडे शेवटी दोघे भाऊ उरले. त्यांनी एकमेकांना वाळीत टाकलं आणि दोघेही आले. वेगवेगळ्या वाटांनी, बरं का.

उगवतीकडे उरला एकटा बाजीबा. सगळा गूळ त्याचा, सगळी घरं त्याची. एकदा त्याची चूल विझली. विस्तव मागायला एक दार नाही. हातात खापरी घेऊन, पिवळं पागोटं बांधून, तो माळाकडे आला.

"आला रे आला!" तेली ओरडला. "वाळीत टाकणारा आला! अरे, गूळ आणा कुणीतरी!"

पहिलं हसू फुटलं. मग दुसरं. कुणी खरोखरच गूळ काढून तेल्याच्या हातावर ठेवला. बाजीबा खापरी धरून उभा.

भिवरा उठली आणि आपली घोंगडी गुंडाळायला लागली.

"कुठे निघालीस गं, आक्का?" हौसा घाबरून म्हणाली.

"पलीकडच्या टेकाडावर. तुमचं चालू द्या. ह्या हसण्यातून मी एकदा उठले आहे, परत त्यात बसायची नाही. मला एकटीनं राहता येतं." मग जरा थांबून म्हणाली, "आवडत नाही. पण येतं."

हसणं थांबलं. तेली मात्र पुढे झाला. "आक्का, माझा बैल मेला तेव्हा हा खदाखदा हसला होता!"

"तो गूळ मीच वाटला होता, बाबा," भिवरा म्हणाली.

तेली हातातल्या गुळाकडे बघत राहिला. मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "ढवळ्या नाव होतं त्याचं."

बाजीबाने घसा साफ केला. "मला ठाऊक नव्हतं." मग म्हणाला, "कपाळावर काही होतं का त्याच्या?"

"तांबडा ठिपका. रुपयाएवढा."

"शिंगं?"

"शिंगं विचारू नका! अशी..." तेल्याने हात वर करून दाखवली. आणि मग तो सांगतच सुटला. बैल कुठून आणला, कसा हट्टी होता, पाऊस आला की कसा घरात डोकं घालायचा. सांगता सांगता खाली बसला. म्हातारा किती वेळ उभा राहणार? तोही बसला. हौसाने त्याच्या हातातली खापरी घेतली आणि निखारे भरून आणले.

भिवराने घोंगडी परत अंथरली.

मग त्या माळावर नगर वसलं. त्याला वेशी किती घालायच्या ह्यावर थोडं भांडण झालं, म्हणून एकही घातली नाही. संध्याकाळ झाली की भिवरा कधी कधी रानाकडे तोंड करून बसायची. सुभाना काही आला नाही. पण जेवायची वेळ झाली की बकुळी येऊन तिचा पदर ओढायची. मग ती उठायची आणि आत जायची.

तिथली सगळी माणसं सुखाने राहिली. आता त्यांच्याकडे दिवे मालवले असतील. आपलाही मालवतो. मिटा डोळे.