राखण कुणापासून?

एका जंगलात एक सिंह राहत असे. राहत असे म्हणजे, खरं सांगायचं तर, स्वतःच्या जंगलात कमीच. त्याचा बहुतेक काळ दुसऱ्यांच्या जंगलात जाई. कुणी विचारलं, "महाराज, इकडे कुठे?" तर तो अगदी नम्रपणे सांगे, "राखणीला आलो आहे." आणि राखण करून तो परतला, की तिथली मधाची पोळी म्हणा, मिठाची माती म्हणा, जे काही चांगलं असेल ते त्याचं झालेलं असे. आपल्याकडे कुंपणानंच शेत खाल्लं असं म्हणतात, ते हेच. पण त्या जंगलात तसं कुणी म्हणत नसे. का म्हणत नसे, तेच तर आज सांगायचं आहे. तेव्हा मुलांनो, चुळबुळ न करता ऐका.

त्या जंगलात एक साळुंकी होती. रोज सकाळी ती जांभळीच्या शेंड्यावर बसून सगळ्यांना बातम्या सांगे. सिंहाला घाबरत नाही म्हणून तिची फार ख्याती! "काल महाराजांनी एका सांबराला ओरबाडलं," ती मान वर करून ओरडे, "हे आम्हाला मुळीच पसंत नाही. ओरबाडण्याआधी त्यांनी खाकरायला हवं होतं!" खाली जमलेली जनावरं एकमेकांना म्हणत, "वा! काय निर्भीड पक्षी आहे!" सांबराचं पुढे काय झालं, हे विचारायचं राहूनच जाई.

आणि एक घूस होती. सिंहाच्या खडकाखाली तिचं लांबच लांब बीळ, आणि त्यात सगळ्यांचं कोठार. मोहाची वाळलेली फुलं, बांबूचं बी, जे ज्याला सुगीत मिळेल ते तो घुशीकडे ठेवी आणि उन्हाळ्यात परत घेई. घुशीचा नियम एकच. आपला माल परत हवा असेल, तर पळसाच्या पानावर सिंहाच्या नखाची खूण आणायची. खूण आणली की माल मिळे; आणि खूण मिळवायची तर सिंहाचं म्हणणं ऐकावं लागे. "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात," घूस मिशा साफ करत म्हणे. "मी आपली नियमानं चालते."

साळुंकी आणि घूस यांचं रोज कडाक्याचं भांडण होई. एक म्हणे, "पोटभरू!" दुसरी म्हणे, "बडबडी!" ते ऐकून जनावरांना बरं वाटे. या दोघी एकमेकींवर डोळा ठेवून आहेत, आणि दोघी मिळून सिंहावर, तेव्हा काळजी नको, असं सगळे समजून चालले होते.

नदीपलीकडे एक कुरण होतं. तिथे एक हरिणी आपल्या पाडसाबरोबर राहत असे. या हरिणीचा स्वभाव म्हणाल तर भारी कृतज्ञ. सकाळी उठली की आधी आभार. तेही मोघम नाहीत हं! "उंबरा, काल तू पाच फळं खाली टाकलीस, तुझी आभारी आहे. मुंग्यांनो, पायात घुसलेल्या काट्याभोवतीची घाण तुम्ही साफ केलीत, तुमची आभारी आहे." कुरणातली जुनी रीतच तशी होती. आभार मानायचे तर काय मिळालं आणि कुणापासून वाचलो, हे नाव घेऊन सांगायचं. नाव घेतलं नाही तर आभार पोचले नाहीत असं समजत. आणि चारचौघांत नाव घेऊन ज्याचे आभार मानले, त्याचा त्या वस्तूवर पहिला हक्क. त्यानं आधी घ्यायचं, मग त्याच्या परवानगीनं इतरांनी. आणि ज्याच्यापासून वाचलो म्हणून नाव घेतलं, त्यानं मात्र त्या वस्तूला तोंड लावायचं नाही.

हरिणीच्या कुरणात एक डोह होता. वैशाखात नदीची नुसती वाळू उरे, तरी हा डोह आटत नसे. पाडसाचा जीव त्या पाण्यावर. सिंहाची नजर त्या डोहावर गेली. पंजाच्या जोरावर घ्यावा तर कुरणातले गवे शिंगं रोखून उभे राहतात, हे त्याला एकदा बरगडीत लागल्यापासून चांगलं ठाऊक होतं. तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, की डोह घ्यायचा तो आभारात घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी साळुंकी जांभळीवरून ओरडली, "ऐका हो ऐका! पलीकडच्या डोहाला मोठा धोका आहे! महाराजांनी राखणीला जावं की जाऊ नये, यावर आज चर्चा." मग दिवसभर चर्चा झाली ती अशी, की महाराजांनी उजव्या काठानं जावं की डाव्या. शेवटी साळुंकीनं ठणकावलं, "जाताना त्यांनी गवत तुडवू नये! सत्य सांगायला आम्ही भीत नाही!" इकडे घुशीनं कुरणातल्या गव्यांना निरोप धाडला, "डोहाला धोका आहे असं ऐकते. राखण मान्य करेपर्यंत तुमची मोहाची फुलं मिळणार नाहीत. नियम म्हणजे नियम." एकीकडून भीती, दुसरीकडून भूक. गवे शिंगांनी कितीही थोर असले तरी पोट कुणाला चुकलं आहे? ते गुपचूप बाजूला झाले.

सिंह आठ दिवस डोहाच्या काठाशी बसला. नवव्या दिवशी सकाळी सगळ्यांसमक्ष हरिणीनं त्याचे आभार मानायचे, असं ठरलं. डोह तिच्या कुरणातला, म्हणून मान तिचा. एकदा तिच्या तोंडून आभार निघाले की डोह सिंहाचा, आणि तिच्या पाडसानं पाणी प्यायचं ते सिंहाच्या मर्जीनं.  हरिणीचा स्वभाव पडला भाबडा. तिला वाटलं, 'खरंच कुणी आपल्याला वाचवलं असेल, तर आभार मानलेच पाहिजेत. मात्र नीट, नाव घेऊन मानायला हवेत.'

म्हणून आदल्या दिवशी दुपारी ती साळुंकीकडे गेली. साळुंकीची ढोली अगदी हरिणीच्या तोंडाच्या उंचीवर होती. आत सोनेरी केसांचं मऊ अंथरूण!

"अगबाई, किती छान केस आहेत, ताई!"

"महाराजांच्या आयाळीचे," साळुंकी पंख फुलवून म्हणाली. "मी त्यांच्यावर टीका करते खरी, पण मनाचे फार उदार आहेत हो."

"ताई, उद्या आभार मानायचे आहेत. महाराजांनी डोह राखला, तो कुणापासून? नाव सांगा म्हणजे घेते."

"धोक्यापासून," साळुंकी म्हणाली.

"तो कोण? चारपायी की दोनपायी?"

"ते मला काय ठाऊक! घुशीनं फुलं रोखून धरली म्हणजे धोका असणारच ना? उगीच कोण रोखेल? जा, तिला विचार."

हरिणी घुशीकडे गेली. बिळाच्या तोंडाशी घूस जिथे लोळत असे, तिथेही तेच सोनेरी केस पसरलेले होते. हरिणीनं पुन्हा तेच विचारलं.

"धोक्याचं नाव?" घूस म्हणाली. "ते मी कशाला विचारू? साळुंकीनं जांभळीवरून सांगितलं, म्हणून मी फुलं रोखली. एवढी महाराजांना बोलणारी ती, ती खोटं सांगेल होय?"

हरिणी परत निघाली. वाटेत तिनं डोहाला एक फेरी घातली. काठाच्या ओल्या मातीत आठ दिवसांच्या पावलांचे ठसे होते. ते तिनं एकेक हुंगून पाहिले. मग ती पाडसाजवळ जाऊन बसली.

सकाळी सगळी जनावरं डोहाकाठी जमली. गवे माना खाली घालून मागे उभे होते. सिंह उंच दगडावर बसला होता. साळुंकी फांदीवर, घूस मुळाशी. साळुंकी म्हणाली, "हं, कर सुरुवात. आणि थोडक्यात आटप."

हरिणी पुढे झाली.  "नदीबाई, तू जमिनीखालून झिरपत येतेस, म्हणून डोह भरलेला आहे. तुझी आभारी आहे. उंबरा, तुझ्या सावलीनं पाणी तापत नाही. तुझी आभारी आहे. गवेदादांनो, इतकी वर्षं तुम्ही शिंगं रोखून उभे राहिलात, वाघापासून, रानकुत्र्यांपासून माझं पाडस वाचवलंत. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही." हे ऐकताच सर्वांत म्हाताऱ्या गव्यानं मान वर केली.

"आणि महाराज?" सिंहानं शेपूट आपटून विचारलं.

"महाराजांचेही मानते," हरिणी म्हणाली. "पण नाव घेतल्याशिवाय आभार पोचत नाहीत, म्हणून काल मी नाव विचारत हिंडले. साळुंकीताई म्हणाल्या, घूसबाईंना विचार. घूसबाई म्हणाल्या, साळुंकीताईंना विचार. दोघींच्या घरात एकाच आयाळीचे केस आहेत. ते महाराजांनी खरंच दिलेत, त्याचे आभार त्या दोघींनी मानावेत. मला डोहापुरतं बोलायचं आहे. आठ दिवसांत या काठाशी न बोलावता आलेल्या एकाचेच ठसे मला दिसले. तेव्हा महाराज, तुम्ही आमचा डोह राखलात तो तुमच्यापासूनच. तुमची फार आभारी आहे. आता आपण घरी गेलात, म्हणजे राखण पुरी होईल."

 मागून एक ससा खुदकन हसला. ते हसू एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, आणि शेवटी गवेसुद्धा पोट हलवून हसू लागले.

"भाषा! भाषा जरा सौम्य हवी!" साळुंकी चिरकली.

"फुलं बंद! सगळ्यांची बंद!" घूस ओरडली.

"आमची फुलं, आणि तू बंद करणार?" म्हातारा गवा म्हणाला. "बिळाचं तोंड रुंद करायला एक शिंग पुरे आहे, बाई."

सिंहानं डरकाळी फोडली. पण या वेळी गवे बाजूला झाले नाहीत. ते हरिणीच्या दोन्ही अंगांना येऊन उभे राहिले. सिंहानं त्या शिंगांकडे पाहिलं, आपल्या बरगडीकडे पाहिलं, आणि तो खाली उतरून नदीच्या वाळूतून आपल्या जंगलाकडे चालू लागला. कुणी त्याला डिवचलं नाही. पाडस मात्र धावत जाऊन पोटभर पाणी प्यालं आणि नाक पाण्यात बुडवून फुरफुरलं.

दुसऱ्या दिवशी साळुंकी काय म्हणाली असेल? म्हणाली, "महाराज परत गेले! आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो!" लाज म्हणून नाही हो! पण आपली हरिणी काय कमी? ती जांभळीखाली जाऊन म्हणाली, "ताई, महाराज परत गेले ही बातमी खरी दिलीत. तेवढ्यापुरती तुमची आभारी आहे." आणि साळुंकी जी ढोलीत शिरली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

मुलांनो, मीही त्या हरिणीचा ऋणी आहे. तुम्हीही पुढे वर्तमानपत्र वाचाल. अमेरिकेसारखा बलाढ्य देश कुणाच्या तरी देशात राखणीला निघाल्याचं कानावर येईल. मोठी मोठी वर्तमानपत्रं त्यानं गवत तुडवावं की नाही, यावर तावातावानं वाद घालतील, आणि मोठ्या बँका फुलं रोखून धरतील. तेव्हा रागावू नका, घाबरूही नका. हरिणीसारखं प्रेमानं एवढंच विचारा, "राखण कुणापासून?" उत्तर द्यायला दोघं एकमेकांकडे बोट दाखवू लागले, की मातीतले ठसे पाहायचे. आणि ज्यांनी खरंच राखलं, त्या नदीचे, उंबराचे, गव्यांचे आभार मानायला चुकायचं नाही.

तात्पर्य : आभार मानावेत ते नाव घेऊन, खरे उपकार त्यानं उजळतात आणि खोटे उपकार आपोआप उघडे पडतात.