रेवणप्पाचा पितळी शेर

किलो-ग्रॅमचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. रेवणप्पा वाण्याच्या दुकानात एक पितळी शेर होता. तराजूच्या एका पारड्यात तो बसायचा. समोरच्या पारड्यात गूळ, डाळ, मीठ येऊन जायचं. दर दसऱ्याला रेवणप्पा त्याला चिंच आणि विटेची भुकटी लावून लखलखीत घासायचा, मग हळदकुंकू वाहायचा. त्याच्या बापाने आणि आज्यानेही तो असाच घासला होता.

शेराची एकच तक्रार असे. "हल्ली गूळ फार जड झालाय," तो तराजूला म्हणे. "पूर्वी माझ्या बरोबरीला केवढा खडा लागायचा! आता एवढासा पुरतो."

तराजू गप्प राही.

एके दिवशी ठकूबाई कुरकुरली, "रेवणप्पा, तुमचा शेरभर गूळ घरी नेला की कमीच दिसतो बघा."

"हिच्या घरी खाणारी तोंडं वाढली असतील," शेर पुटपुटला.

रेवणप्पाला मात्र ते लागलं. त्याने तालुक्याहून सरकारी शिक्क्याचा नवा कोरा शेर आणला, एका पारड्यात ठेवला आणि जुन्याला उचलून गुळाच्या पारड्यात बसवलं. तिथे तो जन्मात कधी बसला नव्हता.

जुना शेर अलगद वर गेला.

"तराजू बिघडला!" तो ओरडला.

"नाही रे बाबा," तराजू शेवटी बोलला. "दर दसऱ्याला तू थोडाथोडा झिजत आलास."

जुन्या शेराने खालच्या नव्या शेराकडे निरखून पाहिलं.

"छे!" तो वरूनच म्हणाला, "हल्ली शेरसुद्धा जड व्हायला लागलेत."