ढमालेसाहेबांचा पिवळा दिवा

माजी आमदार ढमालेसाहेबांच्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा काही केल्या विझेना. इलाही मिस्त्रीने आधी बॅटरी बदलली, मग सेन्सर, शेवटी गाडीचा मेंदू, म्हणजे ईसीएमच नवा बसवला. चावी फिरवली, तर दिवा हजर!

साहेब भर चौकात कडाडले, "मिस्त्री आहेस की सोंग? नुसता बदलतच सुटलास! उद्या गॅरेजला कुलूपच ठोकतो!"

इलाहीने कान पकडले. "चुकलो साहेब, मी तुमच्या वळणावर गेलो. तुम्ही तीन पक्ष बदललेत, मंत्रिपदाचा लाल दिवा लागला नाही. मी तीन पार्ट बदलले, हा पिवळा विझत नाही. आत वायर कुठं कुरतडलीय, ते दोघांनीही बघितलं नाही."

चौक खदखदून हसला. साहेबांनी स्वतःच बॉनेट उचललं.

"बघ बाबा, तुझी वायर तरी सापडते का!"