तिसऱ्या नदीचं पाणी

नेपाळच्या डोंगरांत नेवार लोकांचं एक जुनं गाव होतं, तीन नद्यांच्या संगमावर वसलेलं. दोन नद्या मोठ्या, आणि तिसरी अगदी लहान, ओढ्याएवढी. दर बारा वर्षांनी मकर संक्रांतीनंतरच्या महिन्यात तिथे जत्रा भरायची. लांबलांबचे यात्रेकरू येऊन संगमात बुडी मारायचे. जत्रेच्या सकाळी तिन्ही नद्यांचं पाणी एका घागरीत भरायचं आणि त्याने देवाला अंघोळ घालायची, असा तिथला रिवाज होता.

तिसरी नदी गावाच्या मधूनच वाहायची. खालच्या आळीचा दगडी पाणवठा तिच्यावरच चालायचा. जत्रेआधी घरटी एक माणूस फावडं घेऊन तिच्यात उतरायचा आणि गाळ उपसायचा. साहू म्हणजे सावकार असो की कुंभार, गुडघाभर चिखलात सगळे सारखेच. हे काम करवून घेणारी गावकऱ्यांची मंडळी होती, तिला गुठी म्हणायचे. गुठीतल्या सर्वांत वडील माणसाला थकाली म्हणायचे.

एका जत्रेच्या वर्षी म्हातारे थकाली अंथरुणाला खिळले होते. कारभार त्यांचा मुलगा पूर्णमान साहू पाहत होता. कारभार कसला, नुसती मनमानी. चिखलात उतरायला आता कुणीच तयार नव्हतं. हातांना माती लागली असती ना! मग पूर्णमानने तोड काढली. नदीवर फरशा टाकायच्या, वर दुकानं बांधायची आणि जत्रेत भाड्याने द्यायची. सगळ्या गुठीने माना डोलावल्या. अरे, नदी ती, गटार नव्हे! पण एकालाही लाज वाटली नाही. म्हाताऱ्या थकालींच्या कानावर तर कुणी काही घातलंच नाही.

फरशा पडल्या. बांधकामाचा राडारोडा खाली नदीतच लोटला गेला. पात्र बुजलं आणि थोड्याच दिवसांत खालच्या आळीचा पाणवठा आटला.

त्या आळीत चिनीमाया नावाची म्हातारी शेतकरीण राहायची. ती गुठीपुढे गेली. आळीतल्या बायका आता पार संगमाच्या घाटावरून पाणी वाहून आणतात, ते गढूळ पाणी पिऊन पोरं आजारी पडताहेत, असं तिने हात जोडून सांगितलं. पूर्णमानने ऐकून घेतलं आणि वर तोंड करून म्हणाला, "नदी गेली कुठे? ती गुप्त झाली. गुप्त नदीचं पुण्य जास्त असतं."

मंडळी खो-खो हसली. चोर तो चोर, वर शिरजोर. चिनीमाया घरी गेली.

जत्रेत पूर्णमानने यात्रेकरूंनाही हेच सांगितलं. भोळे बिचारे दुकानांकडे तोंड करून नमस्कार करू लागले. अंघोळीच्या घागरीत त्याने दुसऱ्या नदीचंच पाणी दोनदा भरलं. देव काही बोलला नाही. देव बोलत नाहीत, म्हणून तर असल्यांचं फावतं.

जत्रा उलगली आणि म्हाताऱ्या थकालींचा शेवट जवळ आला. तिथल्या चालीप्रमाणे त्यांना घाटावर आणून पाय पाण्यात ठेवले. त्यांनी हळूच सांगितलं, "आपल्या लहान नदीचं पाणी घाल तोंडात."

त्यांचा जन्म त्याच नदीकाठच्या घरातला. ती अजून वाहते आहे, असंच ते समजून होते. पूर्णमानने समोरचंच पाणी ओंजळीत घेतलं आणि त्यांच्या तोंडात घातलं. म्हाताऱ्याने ते ओठांवरून ओघळू दिलं.

"हे नव्हे," ते म्हणाले.

जन्मभर जे पाणी प्यायलं, त्यात माणूस फसतो होय? पूर्णमान पहार घेऊन धावत सुटला. आपल्याच दुकानातली फरशी त्याने उखडली. खाली विटांचे तुकडे, कुजलेल्या पत्रावळी आणि काळा चिखल. तो कोपरापर्यंत हात घालून चिखल उपसत राहिला. पाण्याचा थेंब लागला नाही. लागणार कुठून?

तो रिकाम्या हाताने परतला. बापाच्या तोंडाकडे त्याला बघवेना. तेवढ्यात, थकालींची शेवटची इच्छा कानावर आल्याने, चिनीमाया एक लहानसा लोटा घेऊन आली. फरशा पडल्या त्या दिवशी पाणवठ्यावरून भरलेलं ते शेवटचं पाणी तिने देवापाशी झाकून ठेवलं होतं. ती थकालींच्या उशाशी बसली आणि घोट घोट त्यांच्या तोंडात घातलं. म्हातारे ते प्यायले. त्यांचा चेहरा निवला आणि त्यांनी डोळे मिटले. नदी मेली हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

चिनीमायाने लोटा पूर्णमानसमोर उपडा केला.

"हे मी माझ्या मरणासाठी ठेवलं होतं," ती म्हणाली. "थकाली बांना दिलं, कारण त्यांनी तिचा गाळ उपसला होता. तुमच्या वेळेला, साहू, तुमचा मुलगा कुठून आणेल?"

पूर्णमान बापाच्या पायाशी बसला. त्याच्या हातांवरचा चिखल वाळत आला होता. मग तो उठला, त्याने बापाचं क्रियाकर्म यथासांग केलं आणि उखडलेली फरशी पुन्हा बसवून घेतली. दुकानं अजून उभी आहेत. यात्रेकरू अजून तिकडे हात जोडतात.

तात्पर्य: ज्या नदीचा गाळ उपसायला आपण उतरत नाही, तिला हात जोडण्याचा हक्क आपल्याला नाही, आणि जे पाणी आपण इतरांच्या तोंडचं काढतो, ते एक दिवस आपल्याच मुखात घालायलाही उरत नाही.