टिचकू आणि फुटका व्हॉल्व्ह

"माझ्या ताईला कुठे नेलंस?"

टिचकूने पाण्याला विचारलं.

टप टप. टप टप.

टिचकू म्हणजे एक इवलासा मुंगळा. भांडी धुणाऱ्या मशीनमागे, भिंतीत, त्याचं बीळ. बिळात तो आणि त्याची ताई. काल ताई साखर आणायला गेली. मशीनखालून पाणी आलं. ताई परत आलीच नाही.

बिळात राहिली ताईची तीन अंडी. पांढरी पांढरी. तांदळाच्या कणीएवढी.

टिचकूने एक अंडं उचलून पाहिलं. हलेना. ताई उचलायची. टिचकू छोटा.

आणि पाणी येतच होतं. टप टप. टप टप. बिळापर्यंत फरश्या उरल्या पाच.

टिचकूला आला राग. तो पाण्याला कडकडून चावला. पाण्याला काय होणार? टिचकूचंच तोंड भिजलं.

"पाण्या, पाण्या, थांब ना! ताईची अंडी भिजतील!"

आता पाणी बोललं. "व्हॉल्व्ह माझं दार. दार मिटत नाही, मी थांबत नाही."

तुरु तुरु टिचकू. टप टप पाणी. फरश्या उरल्या चार.

मशीनच्या पोटात व्हॉल्व्ह होता. जुना. पिवळा पडलेला. मधोमध तडा.

"व्हॉल्व्हा, व्हॉल्व्हा, मिट ना! पाणी थांबत नाही, ताईची अंडी भिजतील!"

व्हॉल्व्ह म्हणाला, "मी फुटलो रे. मिटू कसा? मला काढा, नवा बसवा. नवा तर ओट्यावर येऊन बसलाय डबीत. पण स्क्रू सुटत नाही, मी निघत नाही."

तुरु तुरु टिचकू. टप टप पाणी. फरश्या उरल्या तीन.

व्हॉल्व्हच्या कानाशी स्क्रू होता. घट्ट. गंजलेला.

"स्क्रू, स्क्रू, सुट ना! व्हॉल्व्ह निघत नाही, पाणी थांबत नाही, ताईची अंडी भिजतील!"

स्क्रू म्हणाला, "मी आपणहून सुटतो की काय? पेचकस फिरत नाही, मी सुटत नाही."

तुरु तुरु टिचकू. टप टप पाणी. फरश्या उरल्या दोन.

पेचकस कुठे होता? देवापुढे होता! पाटावर बसला होता. शेजारी पान्हा. शेजारी पक्कड. तिघांना हळद-कुंकू. तिघांच्या डोक्यावर झेंडू. आज खंडेनवमी. आज घरातल्या हत्यारांची पूजा.

"पेचकसा, पेचकसा, फिर ना! स्क्रू सुटत नाही, व्हॉल्व्ह निघत नाही, पाणी थांबत नाही, ताईची अंडी भिजतील!"

पेचकस मान न हलवता म्हणाला, "श्शू! मी पूजेला बसलोय. झेंडू उतरत नाही, मी फिरत नाही."

टिचकू चढला पेचकसावर. सर सर सर. मागे पाणी टप टप. फरशी उरली एक.

"झेंडू, झेंडू, उतर ना! पेचकस फिरत नाही, स्क्रू सुटत नाही, व्हॉल्व्ह निघत नाही, पाणी थांबत नाही, ताईची अंडी भिजतील!"

झेंडू म्हणाला, "मला आबांनी बसवलंय. आरती होत नाही, मी उतरत नाही."

आबा तिथेच होते. पाटापाशी वाकून काहीतरी शोधत होते. त्यांची लेक केतकी मशीनखाली पातेलं सरकवत होती. मशीनलाही झेंडूची माळ होती. माळेतून पाणी गळत होतं.

"आबा, तो पान्हा द्या! नळ जाम झालाय, हाताने बंद होत नाही."

"पूजेतलं हत्यार उचलायचं नाही, केतकी. आरती होऊ दे."

"हार काय घातलाय मशीनला! रडतंय बघा ते!"

"रडू दे. तूही लहानपणी रडायचीस आरतीच्या वेळी."

पातेलं भरलं. पाणी पुन्हा फरशीवर. टप टप. टप टप. फरशी उरली अर्धी.

टिचकू आबांच्या अंगठ्यावर चढला. ओरडला.

"आबा, आबा, आरती करा ना! झेंडू उतरत नाही, पेचकस फिरत नाही, स्क्रू सुटत नाही, व्हॉल्व्ह निघत नाही, पाणी थांबत नाही, ताईची अंडी भिजतील!"

आबा म्हणाले, "कशी करू बाबा? नऊ दिवसांत वातींची डबी संपली. एकच फुलवात उरली होती. तुपात भिजवली, आणि कुठे घरंगळली कोण जाणे. वात मिळत नाही, आरती होत नाही."

टिचकूने मिशा हलवल्या. डावीकडे वास नाही. उजवीकडे वास नाही. खाली?

तूप! पाटाखाली तुपाचा वास!

टिचकू शिरला पाटाखाली. आत अंधार. आत फट. फटीत वात. पांढरी, गोल, अडकलेली.

बाहेर केतकी ओरडली, "आबा, पाणी भिंतीला लागलं!"

भिंतीला लागलं! बिळाच्या दारात पोचलं!

"वाते, वाते, नीघ ना! आरती होत नाही, झेंडू उतरत नाही, पेचकस फिरत नाही, स्क्रू सुटत नाही, व्हॉल्व्ह निघत नाही, पाणी थांबत नाही, ताईची अंडी भिजतील!"

वात म्हणाली, "कुणी ओढत नाही, मी निघत नाही."

टिचकूने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही.

"मी ओढतो!"

ओढली. निघेना. पुन्हा ओढली. निघेना. टिचकूचे पाय घसरले. टिचकू उताणा पडला.

ताई काय म्हणायची? ताई म्हणायची, "टिचकू, तोंडाने धर. पाय रोव. मागे सर."

टिचकूने तोंडाने धरलं. पाय रोवले. मागे सरला. हय्या! अजून मागे. हय्या! अजून मागे. हय्या!

फस्स! वात निघाली!

पाटाखालून आधी टिचकूचं बूड आलं. मग टिचकू आला. मग वात आली.

"अगं केतकी, वात! या मुंगळ्याने आणली!"

"बघा आबा! तुमच्यापेक्षा त्याला घाई आहे. म्हणा आता आरती. छोटी म्हणा!"

वात मिळाली. आरती झाली. टिण टिण टिण!

आरती झाली. झेंडू उतरला.

झेंडू उतरला. पान्हा उठला, पेचकस उठला. केतकीने मशीनचा प्लग काढला. पान्ह्याने नळ बंद केला. मग पेचकस फिरला. कर कर कर!

पेचकस फिरला. स्क्रू सुटला.

स्क्रू सुटला. जुना व्हॉल्व्ह निघाला. नवा व्हॉल्व्ह डबीतून आला. खट्! बसला. स्क्रू परत घट्ट. पाइप परत घट्ट.

"आबा, नळ उघडते हं."

केतकीने नळ उघडला. पाइपातून पाणी आलं. सळ सळ सळ. नव्या दारापाशी आलं. केतकी वाकली. आबा वाकले. टिचकूही वाकला.

टप...

पाइपावर राहिलेला एक थेंब होता. केतकीने तो बोटाने पुसला.

मग टप नाही. काहीच नाही. पाणी थांबलं!

टिचकू धावला बिळाकडे. तुरु तुरु तुरु तुरु! दार ओलं. पहिलं वळण ओलं. दुसरं वळण...

कोरडं! एक अंडं. दोन अंडी. तीन अंडी. तिन्ही कोरडी!

"अहो मुंगळेबुवा!" बाहेरून आबांची हाक आली. "पहिला प्रसाद तुमचा!"

आबांनी बिळापाशी साखरेचा दाणा ठेवला. मोठा. चमचमता. केतकीने फडक्याने फरशी पुसली. एक फरशी, दोन फरश्या, पाचही फरश्या. मग ती हात धुवायला गेली.

टिचकू एकटा दाण्यापाशी उभा राहिला. त्याने पाइपाकडे पाहिलं.

"माझ्या ताईला कुठे नेलंस?"



टिचकूने साखरेचा दाणा फोडला. कुट कुट कुट. चार कण झाले.

एक कण पहिल्या अंड्यापाशी ठेवला. एक दुसऱ्यापाशी. एक तिसऱ्यापाशी.

"बाहेर आलात की खा. ताईने आणायची होती. मी आणली."

आणि चौथा कण त्याने दारात ठेवला. कोरड्या जागी. ताई ज्या वाटेने गेली, त्या वाटेकडे.