मामाच्या गावाला गेलेला बोकड

शाळेच्या सभेत एकदा बोललो, तेवढं पुरे होतं. आता म्हणे लिहून द्या. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. तरी घ्या, आणि मध्ये तोंड घालू नका.

एकदा एक वृद्ध मेंढपाळ होता. त्याच्या हाताखाली शिकून एका तरुणाने स्वतःच्या शेळ्या पाळल्या होत्या. तरुणाला सात वर्षांची मुलगी. जत्रेसाठी राखलेल्या बोकडाला तीच रोज शेवरीचा पाला घालायची. जत्रेच्या सकाळी बापाने तिला शेजारी धाडले आणि परतल्यावर सांगितले, "बोकड मामाच्या गावाला गेला."

रात्री पोर ताटातला रस्सा जेवली. बापाला वाटले, निभावले.

महिन्याभराने सुट्टी लागली. मामा न्यायला आला, तशी मुलीने घराच्या खांबाला मिठी मारली. मामाने खाऊ दाखवला, आईने धपाटा घातला, मिठी सुटेना. बिचारा एकटाच परतला. मग ती बापाला म्हणाली, "मला का पाठवत होता? मी काय केलं? बोकड गेला, तो आला का परत?"

तरुण तडक गुरूकडे गेला. "बाबा, पोरीच्या मनातलं भय तुम्हीच काढा."

वृद्धाने कळपातून एक करडू उचलले, तरुणाच्या दारी आला आणि दोर मुलीच्या हातात दिला. "हे वाढव. पुढच्या जत्रेला कापायचं आहे. आमच्यात रीत आहे, ज्यानं चारलं त्यानंच शेवटचा घास द्यायचा. नको असेल तर आत्ता सांग."

"नाव ठेवू ह्याला?"

"ठेव. नाव ठेवलं तरी कापायचंच आहे."

तिने दोर सोडला नाही.

बाप संतापला. "भय काढायला बोलावलं, तर तुम्ही सुरीच दाखवलीत. एवढ्याशा जिवाला हे कशाला?"

वृद्ध म्हणाला, "मरण तिनं ओळखलंच आहे. तू फक्त पत्ता खोटा दिलास. आज तिला मामाचं भय वाटतंय, उद्या तुझं वाटेल. तिच्या ताटात रस्सा वाढताना तुझा हात अडला नाही, मग खरं सांगताना जीभ का अडली? सगळं कळून ती नको म्हणाली, तर तो तिचा अधिकार. न कळवता खाऊ घालणं हा तुझा अधिकार नव्हे."

वर्षभर मुलीने करडू सांभाळले. गारठ्यात त्याच्याखाली पोतं अंथरले, पायाला काटा रुतला तर स्वतः काढला. जत्रेच्या सकाळी बापाने पुन्हा विचारले, "शेजारी जातेस का?"

"नाही. घास मी देणार."

तिने पाला दिला, पाणी पाजले. मग म्हणाली, "सुरीला परत धार लावा. त्याला फार लागायला नको."

बाप धारेच्या दगडाशी जाऊन बसला. डोळे दोघांचेही भरले होते. त्या दिवशी ती मटण जेवली नाही आणि कोणी आग्रहही केला नाही.

सुट्टीत मामा भीतभीतच उंबऱ्याशी उभा राहिला. "यंदा येतेस का गं?"

तिची पिशवी भरलेली होती. "येते की. बोकड आम्हीच कापला होता, मामा. तुमच्या गावाचं नाव उगाच खराब झालं."

बापाने मान खाली घातली आणि तिची पिशवी उचलली.

पोराने विचारलं, ताटात काय आहे, तर खरं सांगा. मी सभेत एवढंच सांगत होतो, तेव्हा "म्हाताऱ्याला खाली बसवा" असं चारचौघांत ओरडणाऱ्याची माफी अजून यायची आहे. त्याचं नाव लिहून घ्या: भिकाजी खोत.