वस्तादाची पाठ

"मग काय, दाव्याला बांधून ठिवू का तिला?" ज्योतिराम वस्तादानं विचारलं.

लालशाबाबा चिंचा फोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

बाबा म्हणजे गावाबाहेरच्या तकियातले म्हातारे फकीर. वस्ताद म्हणजे शंभर मल्ल घडवलेला तालमीचा धनी. आणि समोर उभी राहून बाबांच्या मडक्यांवर दगड भिरकावत होती, ती वस्तादाची नऊ वर्षांची लेक, राणू.

एक मडकं फुटलं.

वस्ताद ताडकन उठला.

"बस," बाबा म्हणाले.

"फोडू द्यायची?"

"मडकं माझं हाय."

वस्ताद बसला, पण बसला म्हणायचं एवढंच. गुडघा सारखा हलत होता. नजर पोरीवर, कान बाबांकडे. आखाड्यात पहाडासारखा उभा राहणारा माणूस, पण पोरीपुढे त्याचा जीव तव्यावरच्या लाहीसारखा तडतडत होता.

"काय काय करती?"

"काय करत न्हाई ते इचारा. चावती. डोस्कं आपटून घेती. शाळेत एका पोराचं कपाळ फोडलं, शाळेतनं नाव कमी केलं. परवा गवताची गंजी पेटवली. तिची आई तितंच वैरण काढत हुती, बाबा... पदराला जाळ लागला. थोडक्यात वाचली."



"डॉक्टरला दावलं?"

"मिरजंच्या बाईंनी बघितलं. म्हनल्या, दर आठवड्याला आना, आन तुमी बी येऊन बसा. मी कशाला? मला काय धाड भरलीया?"

"मग?"

"एकदाच गेलो."

दुसरं मडकं फुटलं. पाणी वाहत वस्तादाच्या पायांपर्यंत आलं. त्यानं पाय ओढून घेतले.

"खवळली की तू काय करतोस?"

"धरतो. दोन्ही हात मागं, गुडघा पाठीत. हालत न्हाई मग."

हे सांगताना तेवढ्यातही त्याच्या आवाजात ऐट आली. जित्याची खोड! नऊ वर्षांच्या पोटच्या पोरीला दाबलं, याची ऐट. असल्या बापाचा राग यायला हवा. पण त्याचे डोळे बघितले असते, तर तुम्हालाही राग धरता आला नसता. कित्येक दिवस झोप नव्हती त्या डोळ्यांना.

"आन सोडलीस की?"

"पुन्ना तेच. दुप्पट."

"किती दिस चाललीया ही कुस्ती?"

"दोन वर्सं..."

बाबांनी चिंचोके बाजूला सारले.

वस्तादानं हात जोडले. "ताईत द्या, अंगारा द्या, काय बी द्या. न्हाईतर आज हितंच ठिवून जातो तिला. तुमी सांभाळा. माझ्यानं आता व्हईना."

दगड थांबले.

पोरीनं ऐकलं होतं.

मग एक धोंडा आला, चांगला मुठीएवढा. वस्तादाच्या कानाजवळून गेला आणि चिंचेच्या बुंध्यावर आदळला. वस्ताद झेपावला. हात आधीच पकडीच्या बेतात वळले होते.

बाबा मध्ये उभे राहिले. काडीसारखा म्हातारा, पण वस्ताद थबकला.

"झोप," बाबा म्हणाले.

"काय?"

"हितं. उताना. पाठ मातीला लाव."

वस्ताद हसला. बाबा हसले नाहीत.

"बाबा, तीस वर्सांत ह्या पाठीला माती लागलेली न्हाई. साऱ्या मुलखाला ठावं हाय..." त्यानं आवाज खाली आणला. "पोरगी बघतीया."

"बघू दे."

वस्तादानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पागोटं काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. एकदा तर सरळ वाटेला लागला. चार पावलं गेला असेल. मग वळला.

आणि आडवा झाला. त्या ओल्या चिखलात, आकाशाकडे तोंड करून.

राणू जवळ आली. तिच्या हातात नवा धोंडा होता.

ती त्याच्या डोक्यापाशी उभी राहिली. धोंडा त्याच्या तोंडावर धरलेला. वस्तादाचे हात आपसूक वर आले.

"हात खाली," बाबा म्हणाले.

"बाबा, ती टाकंल..."

"हात खाली."

हात खाली गेले. छाती मात्र भात्यासारखी वरखाली होत होती.

राणू वाकली. पण तोंडाकडे नाही. तालमीतल्या माणसाची लेक ती, पंच बघतात तसं तिनं आधी खांद्यांकडे बघितलं. डावा टेकला होता. उजवा बोटभर वर होता. तीस वर्षांची सवय, खुद्द वस्तादालाही कळलं नव्हतं.

तिनं धोंडा टाकून दिला. गुडघे टेकले. दोन्ही तळहातांनी तो उजवा खांदा दाबला, आणि मातीला लागेपर्यंत दाबत राहिली.

खांदा टेकला.

तिनं हात काढले नाहीत. तशीच बसून राहिली, बापाच्या तोंडाकडे बघत. दोन वर्षांत ती इतका वेळ एका जागी बसली नव्हती.

वस्तादाच्या डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं. पुसायचीही त्याला भीती वाटत होती.

बराच वेळ गेला...

"बाबा," तो हळूच म्हणाला, "आता उठू का?"

बाबा पुन्हा चिंचा फोडायला बसले होते.

"मला काय इचारतोस? तिला इचार."